नॉन-ब्लॉकिंग सॉकेटमधील त्रुटी आणि त्यांचे दोषशोधन : एक विवेचन

गोषवारा

नॉन-ब्लॉकिंग सॉकेट वापरणाऱ्या आज्ञावलीत दिसणारे अनेक त्रुटिसंदेश हे वस्तुतः त्रुटी नसून प्रचालन प्रणालीने दिलेली स्थितिदर्शक उत्तरे असतात. याउलट ज्या चुकीमुळे माहिती खरोखर हरवते, ती चूक पुष्कळदा कोणताही संदेश न देता घडून जाते. या दोहोंतील भेद स्पष्ट करणे आणि दोष नेमका कोठे आहे हे शोधण्याची पद्धती मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी लिनक्स प्रणाली व सी भाषा आधारभूत धरली असून अन्य प्रणालींतील फरक आवश्यक तेथे नोंदविले आहेत.

बीजसंज्ञा : सॉकेट, नॉन-ब्लॉकिंग, ई-अगेन, अपुरे प्रेषण, पोल, ईपोल, दोषशोधन.

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी जेव्हा पहिल्यांदा सर्व्हर व क्लायंट यांच्या आज्ञावलींची जोडी लिहितो, तेव्हा ती साधारणतः ब्लॉकिंग, म्हणजे थांबून राहणाऱ्या सॉकेटवर आधारलेली असते. वाचण्याचे फंक्शन बोलावले की माहिती येईपर्यंत आज्ञावली तेथेच थांबते. लिहिण्याचे फंक्शन बोलावले की सर्व मजकूर कर्नलने स्वीकारेपर्यंत ती पुढे सरकत नाही. ही रचना समजावयास सोपी आहे आणि एका वेळी एकच क्लायंट असेल तर पुरेशीही आहे. अडचण सुरू होते ती एकाच वेळी अनेक क्लायंट सांभाळण्याची वेळ आली म्हणजे. एखाद्या मंद क्लायंटपाशी सर्व्हर थांबला की बाकीचे सारे ताटकळत बसतात. डॅन केगेल यांनी १९९९ साली एकाच सर्व्हरवर दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात हा प्रश्न मांडला, तेव्हापासून नॉन-ब्लॉकिंग सॉकेट आणि घटनाधिष्ठित रचना या विषयाची चर्चा विशेषत्वाने होऊ लागली. आजचे बहुतेक वेब सर्व्हर व संदेशवाहक प्रणाली याच पायावर उभ्या आहेत.

मात्र या पद्धतीने लिहिलेल्या आज्ञावलीतील दोष शोधणे हे काम ब्लॉकिंग आज्ञावलीच्या तुलनेत निराळ्या जातीचे आहे. येथे आज्ञावली प्रयोगशाळेत निर्दोष चालते, प्रात्यक्षिक परीक्षेत गुण मिळविते, आणि प्रत्यक्ष जाळ्यावर गेल्यावर महिन्यातून एखाद्या दिवशी अर्धीच फाइल पोहोचविते. अशा दोषाचा माग काढण्यासाठी प्रथम नॉन-ब्लॉकिंग सॉकेटचा प्रचालन प्रणालीशी झालेला करार नेमका काय आहे, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

'आत्ता नाही' या उत्तराचा इतिहास

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रातून १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीबरोबर सॉकेट ही संकल्पना सर्वत्र पोहोचली. फंक्शनला लगेच करता येण्याजोगे काम नसेल तर थांबून न राहता उणे एक हे उत्तर द्यावे आणि एर्नो या चलात 'ई-वुडब्लॉक' ही खूण ठेवावी, अशी व्यवस्था तीत होती. 'थांबावे लागले असते' असा त्या खुणेचा शब्दशः अर्थ. दुसरीकडे सिस्टिम व्ही या युनिक्सच्या शाखेत यासाठी जी सोय होती, तिच्यात वाचण्यासारखे काही नसल्यास शून्य हे उत्तर येत असे. यातील गोची उघड आहे : जोडणीच्या पलीकडच्या टोकाने बोलणे संपविले तरीही उत्तर शून्यच येते. 'अजून काही आलेले नाही' आणि 'आता काही येणारच नाही' या दोन अत्यंत भिन्न गोष्टींना एकच उत्तर. पॉझिक्स मानकाने 'ओ-नॉनब्लॉक' ही खूण प्रमाणित करताना हा घोटाळा दूर केला आणि 'ई-अगेन', म्हणजे 'पुन्हा प्रयत्न करा', ही त्रुटी निश्चित केली.

परिणामी एकाच अर्थाची दोन नावे शिल्लक राहिली. लिनक्सवर 'ई-अगेन' आणि 'ई-वुडब्लॉक' या दोहोंचा क्रमांक ११ असा एकच आहे. परंतु मानकाने ते सारखे असलेच पाहिजेत असे बंधन घातलेले नाही. म्हणून अनेक प्रणालींवर चालावयाच्या आज्ञावलीत दोन्ही नावे तपासणे इष्ट. मॅक ओएस व फ्रीबीएसडी यांवर हा क्रमांक ३५ आहे, तर विंडोजच्या विनसॉकमध्ये १००३५. सबब आज्ञावलीत क्रमांकाशी तुलना करणे सर्वथा टाळावे. तुलना नावाशीच करावी.

या त्रुटीसोबत पडद्यावर उमटणारे इंग्रजी वाक्य 'संसाधन तात्पुरते उपलब्ध नाही' अशा अर्थाचे आहे, आणि माझ्या मते अर्ध्या गोंधळाचे मूळ त्या वाक्यातच आहे. वाचणाऱ्यास वाटते की स्मृती संपली, जाळे तुटले किंवा सर्व्हर कोलमडला. वास्तविक हे उत्तर कचेरीच्या खिडकीवरील 'साहेब जागेवर नाहीत, थोड्या वेळाने या' यासारखे आहे. तेवढ्याने अर्ज फेटाळला गेला असे कोणी समजत नाही. गोंधळात आणखी भर म्हणजे, प्रक्रियांची मर्यादा संपल्यामुळे फोर्क हे फंक्शन अयशस्वी झाले तरी हेच वाक्य उमटते, आणि तेथे मात्र संसाधनाची चणचण खरोखरच असते. म्हणून नोंदवहीत हे वाक्य दिसताच ते कोणत्या फंक्शनच्या संदर्भात आले आहे हे पाहणे, ही दोषशोधनाची पहिली पायरी होय.

वाचनाच्या फंक्शनची उत्तरे यावरून अशी मांडता येतात. धन संख्या आली तर तितके बाइट मिळाले; मागितल्यापेक्षा कमी असले तरी ती त्रुटी नव्हे. शून्य आले तर पलीकडच्या टोकाने आपले पाठविणे बंद केले. उणे एक आले तरच एर्नो पाहावयाचा. त्यातही 'ई-अगेन' असेल तर सॉकेट पुन्हा वाचनयोग्य होण्याची वाट पाहावयाची; 'ई-इंटर' असेल, म्हणजे मध्येच संकेत आल्याने काम खंडित झाले असेल, तर तेच फंक्शन लगेच पुन्हा बोलवावयाचे; 'ई-कॉन-रीसेट' असेल तर जोडणी खरोखर तुटली आहे असे समजावयाचे. फंक्शन यशस्वी झाले असता एर्नोमध्ये मागची जुनी किंमत तशीच राहू शकते, हे येथे ध्यानात ठेवावे. उत्तर न पाहता थेट एर्नो पाहणारी आज्ञावली जुन्याच दुखण्यावर औषध घेत राहते.

अपुरे प्रेषण : न दिसणारी हानी

आता सर्वांत घातक दोषाकडे वळू. उदाहरणादाखल असे समजू की, परीक्षेची गुणपत्रके एका सर्व्हरवरून विभागांतील संगणकांकडे पाठविणारी आज्ञावली लिहिली आहे. प्रत्येक संदेशाच्या आरंभी चार बाइटांत त्याची लांबी आणि नंतर मजकूर, अशी मांडणी आहे. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग आहे. आज्ञावली सहा लाख बाइटांचा मजकूर सेंड या फंक्शनला एकदाच सुपूर्द करते आणि उत्तर उणे एक नाही ना, एवढेच तपासते.

सेंड हे फंक्शन मजकूर पलीकडे पोहोचवीत नाही. ते तो कर्नलच्या प्रेषण-बफरात ठेवते. बफरात जितकी जागा असेल तितकेच बाइट ते स्वीकारते आणि तितकी संख्या उत्तरादाखल देते. समजा, दोन लाख बाइट मावले. उत्तर दोन लाख असे आले. ते उणे एक नाही. आज्ञावली 'पाठविले' अशी नोंद करते आणि पुढील संदेशाकडे वळते. उरलेले चार लाख बाइट कोठेही गेले नाहीत. एर्नो कोराच राहिला, नोंदवही स्वच्छ राहिली, आणि माहिती मात्र गेली.

पलीकडे काय घडते ते याहून गंभीर आहे. ग्राहक आज्ञावलीने लांबी सहा लाख अशी वाचली आहे. ती दोन लाख बाइट वाचते आणि उरलेल्या चार लाखांची वाट पाहते. त्याऐवजी येतो तो पुढचा संदेश. त्याची लांबी दर्शविणारे चार बाइटही ती मागच्या गुणपत्रकाचाच मजकूर म्हणून गिळते. येथून पुढे संदेशाच्या सीमा सरकतात. टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे, त्याला संदेश ठाऊक नसतात. म्हणून कर्नलला यात काही वावगे दिसत नाही. एका विद्यार्थ्याच्या पत्रकाची शेपटी दुसऱ्याच्या पत्रकाला जोडली जाते. दोष जेथे उघड होतो ती जागा ग्राहक आज्ञावलीत असते, तक्रारही ग्राहकाच्या बाजूने येते, आणि शोध घेणारा साहजिकच चुकीच्या टोकाला खणत बसतो.

प्रयोगशाळेत हा दोष का दिसत नाही, याचे कारण सोपे आहे. तेथे चाचणीची फाइल लहान असते, ती बफरात एका दमात मावते, आणि दोन्ही आज्ञावली एकाच संगणकावर असल्याने बफर भराभर रिकामा होतो.

याच दोषाची दोन भावंडे आहेत. पहिल्यात आज्ञावली उरलेला मजकूर पाठविण्यासाठी सेंड पुन्हा बोलावते खरी, पण बफर भरलेला असल्याने आलेले 'ई-अगेन' हे उत्तर ती आपत्ती समजते आणि जोडणी बंद करून टाकते. येथे निदान गोंगाट तरी होतो. नोंदवहीत ओळ उमटते, दोष सापडतो. दुसरे भावंड अधिक लबाड : 'ई-अगेन' आल्यावर आज्ञावली काही क्षण थांबून संपूर्ण मजकूर पहिल्या बाइटापासून पुन्हा पाठविते. आधी गेलेले दोन लाख बाइट आता दोनदा पोहोचतात. पायथॉन भाषेतील सेंडऑल ही पद्धत नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर वापरली असता नेमकी हीच स्थिती ओढवते. ती अपवाद उभा करते, परंतु त्यापूर्वी किती बाइट गेले हे कळण्याचा मार्ग ठेवीत नाही. म्हणून नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर ती वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

योग्य उपाय असा की, प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र 'प्रलंबित' बफर ठेवावा आणि त्यात कोठवर पाठविले याची खूण राखावी. सेंडने जितके स्वीकारले तितकी खूण पुढे सरकवावी. काही उरले तर पोल किंवा ईपोल या यंत्रणेस 'हे सॉकेट लेखनयोग्य झाले की कळव' असे सांगावे, आणि सर्व संपताच ती विनंती मागे घ्यावी. शेवटच्या वाक्यातील अट विसरली जाते तेव्हा वेगळाच विकार जडतो. सॉकेट बहुतेक वेळ लेखनयोग्य असतेच. विनंती कायम ठेवली तर पोल दर वेळी तत्क्षणी परत येते आणि काहीही काम नसताना प्रोसेसर शंभर टक्के गुंतून राहतो. अशा सर्व्हरचा पंखा जोरात फिरतो आणि जाळ्यावर मात्र शांतता असते.

आणखी एक मुद्दा. क्लायंट कायमच मंद असेल तर प्रलंबित बफर वाढतच जाईल. ब्लॉकिंग पद्धतीत सर्व्हर आपोआप थांबत असल्याने हा प्रश्न उद्भवत नव्हता. येथे तो थांबण्याचा निर्णय आज्ञावलीकारानेच घ्यावयाचा आहे. बफरास कमाल मर्यादा ठरवून, ती गाठली की नवी माहिती तयार करणे थांबवावे किंवा ती जोडणी सोडून द्यावी. ही मर्यादा न ठेवलेल्या सर्व्हरची स्मृती हळूहळू भरत जाते आणि तो दोष 'स्मृतिगळती' या चुकीच्या नावाखाली शोधला जातो.

जोडणी करताना होणारी फसगत

नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर कनेक्ट बोलावले असता ते बहुधा उणे एक व 'ई-इनप्रोग्रेस' असे उत्तर देते. काम सुरू आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे सॉकेट लेखनयोग्य झाल्याची सूचना पोलकडून मिळते. येथे पुष्कळ आज्ञावली 'लेखनयोग्य म्हणजे जोडले गेले' असा निष्कर्ष काढतात. तो निराधार आहे. जोडणी नाकारली गेली तरी सॉकेट लेखनयोग्य म्हणूनच दाखविले जाते, कारण आता त्यावर लिहिणारे फंक्शन थांबून राहणार नाही. ते तत्काळ त्रुटी देईल. खरा निकाल गेटसॉकऑप्ट या फंक्शनद्वारे 'एसओ-एरर' हा पर्याय वाचून मिळवावा लागतो. शून्य आले तर जोडणी झाली, अन्यथा जी संख्या येईल ती त्रुटी.

या पर्यायाचे दोन स्वभावविशेष दोषशोधनात उपयोगी पडतात. एक, तो वाचताच साठविलेली त्रुटी पुसली जाते. नोंदवहीत लिहिण्यासाठी एकदा आणि निर्णय घेण्यासाठी पुन्हा एकदा असा तो दोनदा वाचला, तर नोंदवहीत 'जोडणी नाकारली' असे लिहिले जाईल आणि निर्णय मात्र 'जोडणी झाली' असा होईल. दोन, सूचना येण्यापूर्वीच तो वाचला तर शून्य हे उत्तर मिळते, कारण तोवर कोणतीही त्रुटी घडलेली नसते. अशा वेळी आज्ञावली उतावीळपणे लिहू लागते आणि लिनक्सवर तिला 'ई-अगेन' मिळते. काही अन्य प्रणालींवर 'सॉकेट जोडलेले नाही' अशी त्रुटी मिळते. एकाच चुकीचे दोन चेहरे दिसत असल्याने दोष प्रणालीचा आहे असा भ्रम होतो.

पलीकडचा संगणक बंदच असेल, किंवा मधली सुरक्षा-भिंत विनंत्या मुकाट्याने टाकून देत असेल, तर नकारही येत नाही. लिनक्स जोडणीची विनंती वाढत्या अंतराने पुन्हा पाठवीत राहते. अनेक आवृत्त्यांत सहा पुनःप्रेषणे धरून हा काळ सुमारे १२७ सेकंद भरतो. म्हणून कालमर्यादा आज्ञावलीनेच राखावी. तसेच नावावरून पत्ता शोधणारे गेट-ॲड्र-इन्फो हे फंक्शन सॉकेटच्या नॉन-ब्लॉकिंग गुणधर्माला मुळीच जुमानत नाही. सारा सर्व्हर काही सेकंद गोठतो आणि सॉकेटच्या संहितेत तर काहीच सापडत नाही, अशा वेळी प्रथम याकडे पाहावे.

विंडोजवर कनेक्ट हे 'ई-इनप्रोग्रेस' न देता १००३५ ही खूण देते; त्रुटी एर्नोत नव्हे तर स्वतंत्र फंक्शनद्वारे मिळते; आणि सिलेक्ट वापरले असता फसलेली जोडणी लेखनाच्या नव्हे, तर अपवादाच्या संचात दिसते. लिनक्सवरील आज्ञावली जशीच्या तशी तेथे नेली की ती जोडणी फसल्याचे कधीच ओळखत नाही, त्याचे कारण हे.

अर्धवट वाचन आणि ईपोलची चाहूल

लिनक्सच्या २.६ या आवृत्तीबरोबर २००३ च्या अखेरीस ईपोल ही यंत्रणा सर्वसामान्य वापरात आली. तिचे दोन प्रकार आहेत. पातळीवर आधारित प्रकारात, वाचण्यासारखे काही शिल्लक असेतोवर प्रत्येक वेळी सूचना मिळते. बदलावर आधारित प्रकारात नवीन काही आले तरच सूचना मिळते. दुसऱ्या प्रकारात सूचना मिळाल्यावर 'ई-अगेन' येईपर्यंत वाचत राहणे बंधनकारक आहे. म्हणजे ज्या उत्तराला आज्ञावलीकार घाबरतो, तेच येथे काम पूर्ण झाल्याची पावती ठरते.

एकदाच चार हजार बाइट वाचून परतणारी आज्ञावली या प्रकारात अशी वागते : क्लायंटने पाच हजार बाइट पाठविले, सर्व्हरने चार हजार वाचले, उरलेले हजार बाइट कर्नलमध्ये पडून राहिले. क्लायंट उत्तराची वाट पाहतो आहे, म्हणून तो आणखी काही पाठवीत नाही; नवे काही येत नाही, म्हणून सर्व्हरला सूचना मिळत नाही. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. येथे एकही त्रुटी घडलेली नसते.

खूण कोणी लावली?

दोषशोधनात कित्येकदा असे आढळते की, सॉकेट नॉन-ब्लॉकिंग आहे किंवा नाही याविषयीची आपली समजूतच चुकीची असते. लिनक्सवर ॲक्सेप्टने दिलेल्या नव्या सॉकेटला ऐकणाऱ्या सॉकेटची नॉन-ब्लॉकिंग खूण वारशाने मिळत नाही. बीएसडी कुळातील प्रणालींवर ती मिळते. एका प्रणालीवर बरोबर चालणारा सर्व्हर दुसरीकडे एकाच क्लायंटपाशी गोठतो, याचे हे नेहमीचे कारण. २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२८ या आवृत्तीत आलेल्या ॲक्सेप्ट-४ या फंक्शनने ती खूण त्याच वेळी लावता येते.

उलट प्रकारही घडतो. सॉकेट ब्लॉकिंग आहे, कोणीही खूण लावलेली नाही, आणि तरीही 'ई-अगेन' येते. त्या सॉकेटवर वाचनाची कालमर्यादा घातली असेल तर मुदत संपल्याचे उत्तर याच नावाने दिले जाते. तसेच पायथॉनमध्ये सॉकेटला कालमर्यादा दिली की ती भाषा आतून ते सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करते. तेच सॉकेट एखाद्या सी ग्रंथालयाच्या हाती दिले असता त्याला अनपेक्षित 'ई-अगेन' मिळू लागते. शिवाय ही खूण वर्णकाशी नव्हे, तर उघडलेल्या फाइलच्या सामाईक नोंदीशी जोडलेली असते. फोर्कनंतर जनक व अपत्य प्रक्रिया तीच नोंद वापरतात, त्यामुळे एकाने लावलेली खूण दुसऱ्यालाही लागते.

ऐकणारे सॉकेट स्वतःही नॉन-ब्लॉकिंगच असावे. सिलेक्टने 'जोडणी आली आहे' असे सांगितल्यावर आणि ॲक्सेप्ट बोलावण्यापूर्वी क्लायंटने जोडणी तोडली, तर काही प्रणालींवर ॲक्सेप्ट पुढील क्लायंट येईपर्यंत थांबून राहते. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी आपल्या ग्रंथात या प्रसंगाची सविस्तर चर्चा केली आहे. यूडीपीच्या बाबतीत लिनक्सवर असेही घडू शकते की, पाकीट आल्याची सूचना मिळते, परंतु वाचताना त्याची पडताळणी-बेरीज चुकीची आढळून ते टाकून दिले जाते आणि वाचन थांबून राहते. तात्पर्य, तयारीची सूचना ही हमी नसून केवळ चाहूल आहे.

एर्नो बिघडण्याचा प्रकार थोडक्यात सांगतो. सेंड अयशस्वी झाल्यावर आधी नोंदवहीत ओळ लिहावयाची आणि मग एर्नो तपासावयाचा, असा क्रम असेल तर नोंद लिहिणारे फंक्शनच एर्नो बदलून ठेवू शकते. नोंदी वाढविल्या की दोष बदलतो, अशी तक्रार आली तर हे आधी पाहावे; एर्नो लगेच स्थानिक चलात उतरवून ठेवला म्हणजे भागते.

कूटबद्ध जोडणीत आणखी एक थर येतो. ओपनएसएसएल ग्रंथालयात लिहिण्याच्या फंक्शनला वाचनयोग्यतेची आणि वाचण्याच्या फंक्शनला लेखनयोग्यतेची वाट पाहावी लागू शकते. ते काय मागते हे त्यालाच विचारून त्याप्रमाणे पोलला सांगावे. तसेच उलगडलेली माहिती ग्रंथालयाच्या स्वतःच्या बफरात पडून असेल, तर सॉकेटवर काहीच नसल्याने पोल सूचना देत नाही.

दोष शोधण्याची साधने आणि एक प्रयोग

शोध घेताना संहिता वाचण्याआधी कर्नलची बाजू पाहावी, असा माझा आग्रह आहे. एस-ट्रेस या साधनाने चालू प्रक्रियेस जोडून घेतले की प्रत्येक फंक्शन, त्यास दिलेली लांबी आणि मिळालेले उत्तर एकाखाली एक उमटते. सहा लाख बाइट मागितले, उत्तर दोन लाख, आणि लगेच पुढच्या ओळीवर नव्या संदेशाचे प्रेषण, असे दिसले की वर वर्णिलेला दोष हाती लागला. खूण लागली आहे का हे पाहण्यासाठी प्रोक फाइलप्रणालीत त्या प्रक्रियेच्या एफडी-इन्फो या विभागात वर्णकाची नोंद उघडावी. तेथे खुणा अष्टमान पद्धतीने लिहिलेल्या असतात. सर्वसाधारण एक्स-८६ संगणकावर त्यांत ४००० ही किंमत मिळविलेली असेल, उदाहरणार्थ ०४००२ अशी, तर सॉकेट नॉन-ब्लॉकिंग आहे.

दुसरे साधन एस-एस हे. चालू जोडणीसाठी ते दोन संख्या देते : आज्ञावलीने अजून न वाचलेले बाइट, आणि पलीकडच्या टोकाने अजून पोच न दिलेले बाइट. या दोन संख्या दोन्ही टोकांवर एकाच वेळी पाहिल्या तर निदान बहुतांशी होऊन जाते. सर्व्हरची प्रेषण-रांग फुगलेली आणि क्लायंटची वाचन-रांगही फुगलेली असेल, तर क्लायंट वाचत नाही. सर्व्हरची प्रेषण-रांग फुगलेली पण क्लायंटची रिकामी असेल, तर संशय मधल्या जाळ्यावर. दोन्ही टोकांच्या चारही रांगा शून्य असून क्लायंट वाट पाहत असेल, तर माहिती कर्नलपर्यंत पोहोचलेलीच नाही. ती आज्ञावलीच्या प्रलंबित बफरात अडकली आहे किंवा हरवली आहे. आणि सर्व्हरच्या वाचन-रांगेत ठरावीक संख्या बराच वेळ न हलता उभी असेल, तर ईपोलच्या बदलाधारित प्रकारातील अर्धवट वाचन हेच बहुधा कारण निघते. एवढे झाल्यावरही उलगडा न झाल्यास मगच टीसीपी-डंपने पाकिटे पाहावीत.

दोष मुद्दाम घडवून आणण्यासाठी महागड्या जाळ्याची गरज नाही. एकाच संगणकावर सर्व्हर व क्लायंट चालू करावेत. सर्व्हरमध्ये जोडणीचा प्रेषण-बफर 'एसओ-सेंडबफ' या पर्यायाने लहान करून ठेवावा, आणि क्लायंटमध्ये जोडण्यापूर्वी वाचनाचा बफरही तसाच. मग काही मेगाबाइटची फाइल पाठविणे सुरू करून क्लायंट कंट्रोल व झेड या कळांनी गोठवावा. क्लायंट गोठला तरी त्याचे कर्नल जागे असते. ते वाचनाचा बफर भरेपर्यंत बाइट स्वीकारीत राहते. तो भरला की सर्व्हरचा प्रेषण-बफर तुंबतो, मग सेंड अपुरी उत्तरे देऊ लागते, आणि अखेर 'ई-अगेन' येते. हा सारा क्रम एस-ट्रेसच्या खिडकीत डोळ्यांदेखत उलगडतो. या अवस्थेत सर्व्हरचा प्रोसेसर शांत आहे का आणि दुसरा क्लायंट जोडून पाहिल्यास त्याला वेळेवर सेवा मिळते का, हे तपासावे. त्यानंतर पहिला क्लायंट पुन्हा जागा करावा आणि दोन्ही टोकांवरील फाइलींच्या एमडी-५ बेरजा ताडून पाहाव्यात. लांबी समान असूनही बेरजा जुळल्या नाहीत, तर कोठेतरी काही बाइट गळाले आणि तितकेच दोनदा गेले आहेत. सी-एम-पी या आज्ञेने पहिला भिन्न बाइट कितवा आहे हे काढून तो आकडा एस-ट्रेसमधील सेंडच्या उत्तरांच्या चढत्या बेरजेशी लावला, की ज्या आवाहनापाशी खूण चुकली ते आवाहन सापडते.